कागदावरचा जावई

संपादकांनी फोनवर बजावलंय, "मानेकाका, कोर्टातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीचा अंक आहे, वाचणाऱ्याला जरा हसू आलं पाहिजे." आता कोर्टात गमतीला कोण येतं हो? ज्याच्या घरात पेटलंय तोच येतो. तरी बसल्याजागी एक-दोन गमती आठवल्या, त्या देतो. त्यांच्यानंतर जे लिहिलंय ते गमतीचं नाही. छापायचं तर सगळं छापावं, नाहीतर सगळंच परत पाठवावं, मधलं कापू नये एवढी विनंती आहे.

मी सोलापुरात एका वकीलबाईंकडे कारकून होतो. गेल्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला, म्हणून मग मीही दिला. आमच्या मॅडम नवरा-बायकोचीच प्रकरणं चालवतात. वकिलाचा कारकून म्हणजे पिशव्या उचलणारा माणूस, असा एक समज आहे. पिशव्या उचलतोच. शिवाय अर्ज टाइप करून घ्यायचा, पानांवर नंबर घालायचे, सह्या घ्यायच्या, पुढची तारीख टिपून ठेवायची. पुकारा झाला की पक्षकाराला हुडकून आत उभं करायचं, आणि तो नेमका त्याच वेळी चहाला गेलेला असतो. निकाल लागला की त्याची नक्कल काढून आणायची. ही झाली दिसणारी कामं.

न दिसणारं काम एकच, पण ते सगळ्यांत मोठं. पक्षकार मॅडमच्या केबिनमधून बाहेर आला की माझ्या टेबलापाशी थांबतो. आत मॅडमनी अर्धा तास कायदा समजावून सांगितलेला असतो आणि हा सारखी मान डोलवून आलेला असतो. बाहेर आला की हळूच विचारतो, "म्हंजे काय वो?" या 'म्हंजे काय'चं उत्तर देण्यात माझा जन्म गेला. वकील कायदा सांगतात, त्याचा अर्थ कारकून सांगतो. मला त्याचा लई अभिमान होता. त्या अभिमानाचीच ही गोष्ट आहे.

नवरा-बायकोचं पटत नसलं तर कायद्यात दोन रस्ते आहेत. आम्ही कारकून मंडळी त्यांना कलमांवरून 'दहाचं' आणि 'तेराचं' म्हणतो. तेराचं म्हणजे घटस्फोट. लग्न संपलं, दोघं मोकळे, कुणाशीही दुसरं लग्न करा. दहाचं म्हणजे न्यायिक फारकत. यात लग्न शाबूत राहतं, फक्त एकत्र राहायची सक्ती कोर्ट काढून घेतं. ती त्याची बायकोच राहते, तो तिचा नवराच राहतो, पण चुली वेगळ्या. दुसरं लग्न कुणालाच करता येत नाही. आणि यातली मेख अशी, की दहाचा हुकूम झाल्यावर वर्षभर दोघं नवरा-बायको म्हणून एकत्र राहिले नाहीत, तर तेवढ्याच जोरावर पुढे घटस्फोट मागता येतो. मध्ये पुन्हा एकत्र नांदले तर ती वाट बंद.

एवढं सांगितलं की माणसं विचारात पडतात. हे करू की ते करू? एक गृहस्थ शहराच्या नव्या वस्तीतनं, जुळे सोलापुरातनं यायचे, चांगले नोकरदार. त्यांना दहाचं पसंत पडलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माने, वेगळं राहायचं नक्की. पण डबा तिच्याच हातचा पाहिजे. शेंगाची चटणी तिच्यासारखी कुणाला जमत नाही. त्याचं कलम कुठलं?" मी म्हटलं, त्याला कलम नाही, त्याला संसार म्हणतात. त्यांना राग आला. दुसरं एक जोडपं होतं, ते तारखेला एकाच स्कूटीवर यायचं. ती चालवायची, हा मागं फाईल धरून बसायचा. फाटकाशी उतरले की दोघं दोन दिशांना तोंडं करून चालू लागायचे. तारीख झाली की परत एकाच गाडीवर. विचारलं तर म्हणायचे, "भांडण आमचं आहे, पेट्रोलचं नाही की." झालं संपादकांचं हसू.

आता माझ्या शहाणपणाचं सांगतो. फार पूर्वी एका सरकारी शिपायाची बायको आमच्याकडे आली. तो माणूस दारूत बुडालेला. तिला घटस्फोटच हवा होता. ती माझ्या टेबलाशी आल्यावर मी म्हटलं, "बाई, तोडू नका. दहाचं करा. वेगळ्या राहा, पण बायको म्हणून नाव राहू द्या. पुढं उपयोगी पडेल." मॅडमनाही ते पटलं. काही वर्षांनी नवरा वारला. घटस्फोट झाला असता तर तिला दमडी मिळाली नसती. बायको म्हणून नाव होतं, म्हणून पेन्शन सुरू झाली. ती बाई पेढ्याचा पुडा घेऊन आली आणि भर व्हरांड्यात माझ्या पाया पडली. सगळ्या वकिलांनी बघितलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हवा गेली. जो येईल त्याला मी दहाचं सांगू लागलो. गावातल्या वैद्याला एक काढा लागू पडला की तो पडशालाही तोच देतो आणि पाय मुरगळला तरी तोच देतो, तसं माझं झालं. मॅडम चिडून म्हणायच्या, "माने, प्रॅक्टिस तुमची आहे की माझी?" मी हसून सोडून द्यायचो.

महानंदा आली ती अशा दिवसांत. नाव मी बदललंय. माहेर मैंदर्गीचं, दिलेली दुधनीला. नवऱ्याचं दुकान होतं, घर खाऊनपिऊन सुखी होतं, आणि तो हिला मारायचा. कारण लागायचं नाही. भाकरी जाड झाली म्हणून मारलं, पातळ झाली म्हणून मारलं. चार वर्षं तिनं काढली. मग एक दिवस कपड्यांची पिशवी घेऊन सोलापूरला आली, जुळे सोलापुरात एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला लागली आणि एक खोली घेऊन राहू लागली. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, मला मोकळं व्हायचंय. पूर्ण मोकळं." शब्द साधे होते. मी ते ऐकायला हवे होते.

तिच्याबरोबर तिचे वडील आले होते. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. घरात कानडी, बाहेर मराठी. पांढरा सदरा, पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल. खुर्ची दिली तरी टेकून बसायचे नाहीत. त्यांची धाकटी लेक लग्नाची होती. मॅडमच्या केबिनमधून बाहेर आले आणि नेहमीप्रमाणं माझ्यापाशी थांबले.

"मानेसाहेब, घटस्पोट म्हनलं की गावात नाव खराब व्हतंय. धाकटीला बगाया येनारी मानसं हेच पयलं इचारत्यात. दुसरं काय न्हाय का?"

"आहे की," मी म्हणालो. काढा तयारच होता.

मी दोघांना बसवून दहाचं समजावलं. म्हटलं, "महानंदा, घटस्फोटाचा अर्ज केलास तर तो वकील लावेल, भांडेल, वर्षानुवर्षं जातील. दहाचं करू. नुसतं वेगळं राहायचं म्हटल्यावर तो फिरकणारही नाही. हुकूम पटकन मिळेल. तोवर बहिणीचं लग्न होऊन जाईल. वर्ष झालं की तुला तेराचं करायला मी स्वतः कागद तयार ठेवतो." तिनं बापाकडे बघितलं. मग म्हणाली, "एकच वर्ष ना काका?" मी म्हटलं, एकच.

आणि झालंही तसंच. तो कोर्टात आला नाही, एकतर्फी हुकूम झाला. मी कॉलर ताठ करून फिरलो. मॅडमचा एक नियम होता. दहाचा हुकूम झाला की त्या मला विचारायच्या, "माने, वर्षाचं सांगितलं ना सगळ्यांना?" म्हणजे या वर्षात त्याच्याशी कसलाही संबंध ठेवू नका, येणं-जाणं नको, मुक्काम नको. मी म्हणालो, "हो मॅडम, सांगितलं." सांगितलं होतं, पण महानंदाला. अप्पा त्या दिवशी नकलेचा कागद टॉवेलात गुंडाळत होते. त्यांनी विचारलं, "म्हंजे आता काय झालं वो?" मी घाईत म्हणालो, "बाजूला ठेवलंय अप्पा, तोडलेलं नाही. ती अजून त्याची बायको आणि तो अजून तुमचा जावई. फक्त एकत्र राहायची सक्ती नाही." अप्पांचा चेहरा उजळला. लेकीचा मार थांबला आणि गावात नावही खराब झालं नाही. त्यांनी मला नमस्कार केला.

त्या वर्षात महानंदा बदलली. नकलेसाठी, कशासाठी ऑफिसात यायची तेव्हा अंगावर नवी साडी असायची, आवाज मोकळा झालेला. एकदा लाजत लाजत म्हणाली, "काका, शाळेत एक सर आहेत. विज्ञान शिकवतात. बायको वारलीय त्यांची." मी म्हटलं, "मग?" म्हणाली, "मग काही नाही. ते म्हणाले, तुमचं वर्ष होऊ द्या, निकाल लागू द्या, मग मैंदर्गीला येऊन अप्पांना रीतसर विचारतो." मी तिला म्हटलं, कॅलेंडरवर खुणा कर. ती खरंच करत होती.

आठ महिने झाले आणि धोंड्याचा महिना लागला. आपल्याकडं अधिक महिन्याचं काय महत्त्व असतं ते सांगायला नको. जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून वाढायचे, अनारशांचं वाण द्यायचं, कापडं करायची, लेकीनं ओवाळायचं. तीन वर्षांनी एकदा येणारा जावयाचा मान. तो चुकला तर लेकीच्या संसाराला दोष लागतो म्हणतात. लेकीचा संसार म्हणजे काय उरलं होतं ते सोडा, पण म्हणतात.

एके दिवशी सकाळी मी फायलिंगच्या खिडकीशी उभा होतो. आमच्या एका अर्जात दोन पानं उलटी लागली म्हणून तिथला क्लार्क मला झापत होता, मागं रांग तुंबली होती. तेवढ्यात फोन वाजला. अप्पा होते.

"मानेसाहेब, एक इचारायचं हुतं. धोंड्याचा म्हयना लागलाय. मानसं इचारायल्यात, दुधनीच्या जावयाला बोलीवनार का न्हाय म्हनून. धाकटीची सोयरीक जुळायलीय, तिच्या सासरची बी येनार हायत. आता ह्यो आपला जावई हाय का न्हाय, तेवडं सांगा."

मी एका हातानं पानं उलटत होतो. म्हणालो, "अप्पा, कागदावर जावईच आहे हो. घटस्फोट कुठं झालाय? घाला जेवायला. जेवायला घातल्यानं काय होतंय!"

"व्हय न्हवं? मग बोलीवतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

एवढंच बोलणं झालं. पानं सुलटी केली, अर्ज आत सरकवला, शिक्का मारून घेतला आणि चहा प्यायला गेलो. अप्पांचा फोन मी संध्याकाळपर्यंत विसरलोही होतो. मॅडमना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे, असंच वाटलं नाही.

अप्पांनी जावयाला बोलावलं. लेकीलाही बोलावलं, पण तो येणार हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती आली नसती. ती घरात शिरली तर समोर पाटावर तो बसलेला. ओसरीवर गावातली चार माणसं, धाकटीच्या सासरची मंडळी. आईनं हातात ताम्हण दिलं. महानंदानं मला नंतर सांगितलं, "काका, मी ताम्हण टाकून निघाले असते. पण बहीण माझ्याकडं बघत होती. तिचं मोडलं असतं." तिनं ओवाळलं. नवऱ्याबरोबर आलेल्या दिराच्या मोबाईलवर फोटो निघाला. धोंड्याला आलेला जावई त्याच दिवशी माघारी पाठवत नाहीत, म्हणून अप्पांनी त्याला मुक्कामाला ठेवून घेतलं. ती आईजवळ स्वयंपाकघरात झोपली आणि पहाटेच्या पहिल्या गाडीनं सोलापूरला परतली.

वर्ष पुरं झालं. मी शब्द पाळला, तेराचे कागद तयारच ठेवले होते. अर्ज दाखल केला. पहिल्या वेळी कोर्टात न फिरकलेला नवरा या वेळी वकील घेऊन हजर. त्याचं उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं, की अर्जदार आणि मी अधिक महिन्यात तिच्या माहेरी पुन्हा नवरा-बायको म्हणून एकत्र राहिलो, आमच्यात समेट झाला, सबब अर्ज फेटाळावा. सोबत फोटो. महानंदा ताम्हण घेऊन उभी, तो पाटावर, कपाळाला कुंकू, मागं अप्पा हात जोडून उभे.

मॅडमनी फोटो माझ्यासमोर धरला. "माने, हे काय आहे? तुम्ही वर्षाचं सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं मॅडम," मी म्हणालो. दुसऱ्यांदा.

नवऱ्याला काही ती नांदायला नको होती. त्यानं दुधनीत दुसरी बाई ठेवल्याचं सगळ्या गावाला माहीत होतं. पण ही सुटू नये, एवढंच त्याला पाहिजे होतं. द्वेषाला कारण लागत नाही, हे कोर्टात रोज बघायला मिळतं. आणि तो हुशार निघाला. फोटो कोर्टात यायच्या आधी त्यानं, कुठूनतरी कुणकुण लागली होती म्हणून, शाळेतल्या त्या सरांच्या मोबाईलवर पाठवला. सरांनी महानंदाला एकदाच विचारलं, "तुम्ही ओवाळलंत?" ती म्हणाली, "ओवाळलं." मग तिनं सगळं समजावून सांगितलं, त्यांनी ऐकूनही घेतलं. पण पुढं त्यांचं येणं-बोलणं कमी होत गेलं. वर्षभरानं त्यांच्या आईनं मुलगी बघितली आणि त्यांनी लग्न केलं. मी त्यांना नावं ठेवत नाही. कोर्टाची पुढची तारीख बघत बसणारा माणूस मी जवळून बघितलाय, त्याचं काय होतं ते मला माहीत आहे.

पुढं अप्पांची साक्ष लागली. लेक आईजवळ झोपली होती, दोघं नवरा-बायको म्हणून काही राहिली नाहीत, एवढं त्यांनी सांगायचं होतं. ते त्यांनी सांगितलं. न्यायाधीशांनी विचारलं, कानडी दुभाषी हवा का? म्हणाले, "मराटी येतंय की." मग समोरच्या वकिलानं उलटतपासणी सुरू केली. मी मागच्या बाकावर फाईल घेऊन बसलो होतो.

"जावयाला तुम्ही स्वतः बोलावलंत?"

"व्हय."

"मुक्कामाला ठेवून घेतलंत?"

"व्हय. रीत हाय."

"म्हणजे दोघांचा समेट झाला, असं तुम्हालाही वाटत होतं."

"न्हाय. जावई हाय तवर मान द्याचा, म्हनून दिला."

"तो अजून जावई आहे, त्याला बोलवा, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

अप्पा थांबले. माझ्या हातातली फाईल ओली झाली होती, एवढा घाम फुटला होता. माझं नाव येणार, मॅडम वळून बघणार, बाजूला बसलेली महानंदा बघणार. अप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले, "कुनी न्हाय. माजी मीच अक्कल चालीवली."

बाहेर आल्यावर महानंदा बापाला काय बोलली ते साऱ्या व्हरांड्यानं ऐकलं. "तुम्ही जावई जपलात अप्पा. मला नाही जपलंत. आजपासून मला माहेर नाही." आणि ती रिक्षात बसून निघून गेली. अप्पा नळाशी जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. मी मागं गेलो.

"अप्पा, माझं नाव का नाही घेतलंत?"

"घिऊन काय झालं असतं? फोटू काय गेला असता?"

"मी सांगतो तिला. आत्ता जातो."

त्यांनी ओल्या हातानं माझं मनगट धरलं. "आजाबात सांगायचं न्हाय. तिचं समदं कागुद तुमच्या हातात हाय. आजून तिला हितं किती खेपा घालाव्या लागनार हायत. तुमच्यावरचा इस्वास उडाला तर ती कुनाकडं बगंल? बापावर राग धरंना का. बाप कुटं पळून चाललाय."

मी गप्प बसलो. त्या क्षणी मला बरं वाटलं, हे कबूल करतो. लाज वाटली ती नंतर.

प्रकरण चालत राहिलं. धाकटीचं लग्न झालं, महानंदा गेली नाही. दुसरा धोंड्याचा महिना आला. त्या वर्षी अप्पांनी धाकट्या जावयालाही बोलावलं नाही. गावानं बोटं मोडली. आई कधीतरी सोलापूरला येऊन लेकीला भेटून जायची, अप्पा एसटी स्टँडवर बसून राहायचे आणि बायको परत आली की तिच्याबरोबर मैंदर्गीला जायचे. हे मला त्यांच्या बायकोनंच सांगितलं. मी तरीही गप्प.

शेवटी निकाल लागला तो महानंदाच्या बाजूनं. मॅडम जीव तोडून भांडल्या होत्या. कोर्टानं म्हटलं, रीत म्हणून वाढलेलं एक जेवण आणि एक मुक्काम म्हणजे नांदणं नव्हे. माझ्याच तोंडचं वाक्य की हो! जेवायला घातल्यानं काय होतंय. कायद्यात काहीच झालं नाही. मधली वर्षं मात्र गेली, आणि ती परत द्यायचा हुकूम कुठल्याच कलमात नाही.

नक्कल घ्यायला महानंदा एकटीच आली. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. मी कागद पुढं केला, रजिस्टरवर सही घेतली. तिनं पहिल्या पानावरून बोट फिरवलं. "झाले मोकळी," म्हणाली. मग हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं. "काका, पेढे कुणाला वाटू?"

मी म्हणालो, "एकदा मैंदर्गीला जाऊन ये."

तिचा चेहरा दगडासारखा झाला. "नाही जमणार काका. मारणाऱ्यावर राग नाही एवढा अप्पांवर आहे. अहो, तुम्ही होता की इथं. त्यांनी तुम्हाला एक फोन करून विचारलं असतं, तर तुम्ही नाही म्हणाला असता. एक फोन, काका. तेवढाही केला नाही त्या माणसानं माझ्यासाठी."

आता सांगायला हरकत नव्हती. प्रकरण संपलेलं, तिला आता माझी गरज उरलेली नव्हती. अप्पांनी घातलेली बंदी त्या कागदाबरोबरच संपली होती. ती समोर उभी होती, मी खुर्चीवर बसलो होतो आणि ऑफिसात तिसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "हं." आणि रजिस्टर मिटलं. ती गेली. तोवरची चुप्पी अप्पांची होती असं मी स्वतःला सांगू शकत होतो. त्या 'हं'पासूनची माझी आहे.

भीती कसली होती, विचाराल तर हसाल. पेन्शनवाली बाई ज्या व्हरांड्यात पाया पडली, त्या व्हरांड्यात नाव जाईल, मॅडम काय म्हणतील, दुसरे कारकून काय म्हणतील. 'म्हंजे काय'चं उत्तर देणारा माने चुकला म्हणतील. एवढ्यासाठी एका म्हाताऱ्याला मी त्याच्या लेकीपासून तोडून ठेवलं. त्याचं कलम दहा नाही आणि तेराही नाही.

आता मी रिटायर झालोय. माझ्या टेबलाशी कुणाची लेक थांबायची नाही, कुणाचा विश्वास उडायचा नाही. अप्पा अजून आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्या बायकोचा फोन आला होता, म्हणाल्या, दिसायचं कमी झालंय, पण सोलापूरची गाडी आली की ओसरीवर येऊन बसतात. माझ्याकडं महानंदाचा नंबर आहे. तीनदा लावला, तीनदा तिनं "बोला काका" म्हटलं, आणि तीनदा मी तब्येतीची चौकशी करून ठेवून दिला. तोंडानं होत नाही म्हणून लिहितोय. हा अंक तिच्या शाळेत येतो, ती वाचते, हे मला माहीत आहे.

महानंदा, नाव बदललंय पण तू ओळखशील. अप्पांनी फोन केला होता.